डिसेंबरअखेरचे प्राग : आठ तासांच्या उजेडात सहल कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक कुटुंब २१ ते २९ डिसेंबर या काळात युरोपला जाऊ इच्छिते. पती-पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील अशी पाच माणसे आहेत आणि सर्वजण शाकाहारी आहेत. त्यांच्या हाती आलेल्या कार्यक्रमात प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन शहरे आहेत. हा कार्यक्रम थंडीत झेपेल का, नाताळात तिकडे सगळे बंद असते का, आई-वडिलांना कितपत चालावे लागेल आणि खाण्याचे काय, अशा त्यांच्या शंका आहेत. मध्य युरोपातील सहलींची आखणी हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्याने सविस्तर उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. या दिवसांत तीन शहरे करू नयेत. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे एकच शहर घ्यावे, संपूर्ण मुक्काम एकाच जागी करावा आणि फार तर एक दिवस जवळच्या कुटना होरा या गावी जाऊन संध्याकाळी परत यावे. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही दोन्ही शहरे मोठ्या मोलाची आहेत, आणि म्हणूनच त्यांना दीड-दीड दिवसात उरकणे मला पटत नाही.

आपल्याकडचे लोक हिवाळी सहलीचा विचार करताना तापमान पाहतात. प्रागचे तापमान डिसेंबरच्या अखेरीस साधारणपणे शून्याच्या आसपास, कधी दोन-चार अंश वर तर कधी तितकेच खाली असते, आणि योग्य कपडे असतील तर ते सत्तरीच्या माणसांनाही सोसते. सहलीची घडी विस्कटते ती उजेडाच्या हिशेबामुळे. प्राग उत्तरेकडे ५० अक्षांशावर आहे. त्या आठवड्यात तेथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. नाशिकचा सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, तेथे मात्र जेमतेम आठ तास मिळतात, आणि आभाळ भरलेले असेल तर तीन वाजताच दिवे लागणीची वेळ झाल्यासारखे वाटते. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट सुमारे अडीच तास लागतात, हे आकडे कागदावर लहान दिसतात. परंतु सकाळी सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे आणि पलीकडे उतरून नवी खोली ताब्यात घेणे यांत त्या दिवसाचा सगळा उजेड निघून जातो. तीन शहरांच्या कार्यक्रमात असे दोन दिवस खर्ची पडतात, शिवाय विमानाचे दोन दिवस आहेतच.

उजेडाचा हा हिशेब खुद्द प्रागमध्ये भिंतीवर मांडलेला आहे. जुन्या शहराच्या चौकातील नगरभवनावर जे खगोलीय घड्याळ आहे त्याचा सर्वांत जुना भाग १४१० सालचा, कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने घडवलेला आहे. दर तासाला हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे शिष्यांच्या, मूर्ती सरकत जातात, आणि खाली जमलेली गर्दी मोबाइल उंचावून एवढेच पाहते व पांगते. आपण मात्र तास पडण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी किंवा नंतर जावे आणि मुलीला तबकडी नीट दाखवावी. निळा भाग म्हणजे दिवस, खालचा काळा भाग म्हणजे रात्र, आणि त्यांच्यामधला नारिंगी-तपकिरी पट्टा म्हणजे संधिप्रकाश. उन्हाळ्यात काट्यावरचा सोनेरी सूर्य तबकडीच्या बाहेरच्या कडेजवळून फिरतो आणि निळ्या भागात बराच वेळ राहतो. डिसेंबरात तो मध्याजवळून फिरतो आणि निळ्या भागातून थोडक्या वेळात पार होतो. सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी जुन्या वळणाचे आकडे आहेत, ते जुन्या चेक पद्धतीची वेळ दाखवतात. त्या पद्धतीत सूर्यास्ताला चोवीस तास पूर्ण होत आणि नवी मोजणी सुरू होई. सूर्यास्ताची वेळ वर्षभर बदलत असल्याने तो कडाही वर्षभर सरकत राहतो. दहा वर्षांच्या मुलीला हे सहज समजते, आणि एकदा समजले की ती तासभर तेथून हलत नाही, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

त्याच नगरभवनाच्या पूर्वेकडील भिंतीलगत फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. २१ जून १६२१ रोजी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या २७ पुढाऱ्यांना तेथे देहदंड देण्यात आला. नाताळच्या बाजाराचे खोके, माणसांची वर्दळ आणि दिव्यांच्या माळा यांत ते क्रूस पायाखाली जातात, म्हणून मुद्दाम पाहावे लागतात. समोरच्या टीन चर्चमध्ये १६०१ साली निवर्तलेल्या टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची समाधी आहे.

आता दिवसाची मांडणी कशी करावी ते सांगतो. सकाळी आठला सूर्योदय होतो हा हिवाळ्याचा मोठा फायदा आहे, कारण उन्हाळ्यात चार्ल्स पुलावर पहाट पाहायची तर साडेचारला उठावे लागते, तर डिसेंबरात चहा घेऊन साडेसातला निघाले तरी चालते. आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात वाहून गेल्यावर सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. कठड्यांवर तीस मूर्ती आणि मूर्तिसमूह आहेत, त्यांतील बरेच आज प्रतिकृतींच्या रूपात उभे आहेत आणि मूळ शिल्पे शहरातच जपून ठेवलेली आहेत. सकाळी नदीवर धुके असते, मूर्ती एकेक करून त्यातून पुढे येतात आणि पुलावर मोजकी माणसे असतात. दहा वाजल्यानंतर तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्यामुळे ही वेळ सोडू नये.

साडेनऊ ते तीन हा वेळ उघड्यावरच्या आणि लांबच्या स्थळांसाठी ठेवावा. दुपारच्या वामकुक्षीची सवय असली तरी तेवढे दिवस ती पुढे ढकलावी आणि चार ते साडेपाच खोलीवर परतून विश्रांती घ्यावी. आई-वडिलांना त्याने फार आराम पडतो. साडेपाचनंतर बाजार, चर्चमधील संगीत किंवा नाट्यगृह यांसाठी पुन्हा बाहेर पडता येते, कारण शहरातील दिवे आणि ट्राम रात्रीपर्यंत सोबत असतात. याला एक अपवाद करावा. नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांत चार्ल्स पुलावरचे गॅसचे दिवे हाताने लावले जातात. जुन्या पद्धतीचा गणवेश घातलेला माणूस लांब काठी घेऊन चारच्या सुमारास पुलाच्या एका टोकाकडून निघतो, प्रत्येक खांबापाशी थांबून काठीचे टोक वर दिव्यात घालतो, क्षणभराने ज्योत पकडते आणि तो पुढच्या खांबाकडे जातो. मुले त्याच्या मागून चालत असतात. २२ किंवा २३ तारखेची संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, कारण नाताळानंतर हे दृश्य दिसत नाही.

नाताळात सगळे बंद असते का, या प्रश्नाचे उत्तर तारखेप्रमाणे बदलते. चेक लोकांचा मुख्य सण २४ तारखेच्या संध्याकाळी, घरात, कुटुंबासोबत साजरा होतो. २०१६ च्या कायद्यानुसार २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने २४ तारखेला दुपारी बारानंतर आणि २५ व २६ तारखेला पूर्ण दिवस बंद ठेवावी लागतात. कोपऱ्यावरची लहान किराणा दुकाने, जी बहुधा व्हिएतनामी कुटुंबे चालवतात, त्यांना हा नियम लागू नाही आणि त्यांतली पुष्कळशी उघडी असतात. तरीही दूध, ब्रेड, फळे, भाजी हे तीन दिवसांचे सामान २३ तारखेलाच आणून ठेवावे. २४ तारखेला दुपारनंतर ट्रामच्या फेऱ्या कमी होतात, बरीच उपाहारगृहे बंद होतात आणि जी उघडी असतात तेथे आधी जागा राखलेली नसेल तर आत घेत नाहीत. जुन्या शहराच्या चौकातील बाजार मात्र साधारण ६ जानेवारीपर्यंत भरतो, त्यामुळे २५ आणि २६ तारखेलाही तेथे चहलपहल असते.

या सणाचे खरे रूप पाहायचे असेल तर २१ ते २३ तारखेदरम्यान मध्यवर्ती चौकांपासून थोडे दूर, लोक राहतात त्या वस्त्यांत जावे. रस्त्याच्या कडेला मोठाले पाण्याचे हौद मांडलेले असतात आणि त्यांत जिवंत कार्प मासे असतात. बोहेमिया या चेक प्रांताच्या दक्षिणेला त्रेबोन गावाच्या परिसरात सोळाव्या शतकात खोदलेली विशाल तळी आहेत. शरद ऋतूत ती रिकामी करून मासे काढतात आणि नाताळसाठी शहरांत पाठवतात. तळलेला कार्प आणि बटाट्याचे सॅलड हे त्या रात्रीचे जेवण असते. ताटाखाली माशाचा एखादा खवला ठेवतात आणि वर्षभर पैसा टिकावा म्हणून तो पुढे पाकिटात बाळगतात. सफरचंद आडवे कापून आत बियांची चांदणी नीट दिसली तर घरात आरोग्य राहते असे मानतात. भेटवस्तू आणणारा लाल कपड्यांतला म्हातारा नसून बाळ येशू आहे, अशी मुलांची समजूत असते. आपले कुटुंब शाकाहारी आहे म्हणून सांगून ठेवतो की गिऱ्हाइकाने सांगितल्यास मासा तेथेच, लाकडी ओट्यावर मारून साफ करून देतात. मुलगी हळवी असेल तर हौद दुरूनच दाखवावा.

२४ तारखेच्या रात्री किंवा त्या दिवसांतील एखाद्या संध्याकाळी खेड्यातला शिक्षक याकुब यान रिबा याने १७९६ मध्ये रचलेली नाताळची प्रार्थना चर्चमध्ये ऐकावी. ती लॅटिनऐवजी चेक भाषेत आहे, मेंढपाळ एकमेकांना हाका मारून उठवतात अशी तिची सुरुवात आहे, आणि एरवी कधी चर्चची पायरी न चढणारे चेक लोकही ती ऐकायला गर्दी करतात. चर्चमध्ये उष्णतेची सोय बहुधा नसते, त्यामुळे कोट, टोपी, हातमोजे अंगावरच ठेवावे लागतात. नाट्यगृहात आणि संगीतसभागृहात याच्या उलट रीत आहे, तेथे कोट प्रवेशद्वाराजवळच्या कक्षात जमा करूनच आत जायचे असते. रूडोल्फिनम सभागृहात ४ जानेवारी १८९६ रोजी चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची पहिली मैफल संगीतकार ड्वोर्झाकने स्वतः संचालित केली. एस्टेट्स नाट्यगृहात २९ ऑक्टोबर १७८७ रोजी मोत्झार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. तिकिटे आधी काढावी लागतात आणि रस्त्यावर पत्रके वाटणाऱ्यांकडून ती घेऊ नयेत.

आपण नाशिकचे आहात म्हणून एक ठिकाण आग्रहाने सुचवतो. नाशिकरोडच्या बाळ येशू देवस्थानात फेब्रुवारीतल्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक जातात, हे आपल्याला ठाऊकच असेल. ज्या बाळ येशूच्या भक्तीतून ते देवस्थान उभे राहिले त्याची मूळ मूर्ती प्रागच्या माला स्त्राना भागात, कार्मेलित्स्का रस्त्यावरील विजयी मरियेच्या चर्चमध्ये आहे. स्पेनमधून आलेली ही मूर्ती पोलिक्सेना लोबकोविच या सरदार घराण्यातील स्त्रीने १६२८ मध्ये कार्मेल संघाच्या साधूंना दिली. लाकडाच्या गाभ्यावर मेण असलेली ही मूर्ती जेमतेम हातभर, ४७ सेंटिमीटर उंचीची आहे, आणि सणवारानुसार तिची वस्त्रे बदलतात. जगभरातून आलेल्या या वस्त्रांपैकी काही वरच्या मजल्यावरच्या लहान संग्रहालयात मांडलेली आहेत, त्यांत महाराणी मारिया थेरेझाने १७४३ मध्ये अर्पण केलेला पोशाखही आहे. प्रत्यक्ष मूर्ती इतकी लहान असेल अशी कोणाची कल्पना नसते. आपल्या आई-वडिलांना हे चर्च मनापासून आवडेल असे वाटते, आणि २२ क्रमांकाची ट्राम जवळच हेलिखोवा थांब्यावर थांबते.

हीच ट्राम प्रागच्या किल्ल्यासाठीही घ्यावी. किल्ल्याकडे जाण्याचे पारंपरिक मार्ग चढाचे आणि पायऱ्यांचे आहेत, आणि दगडी फरसबंदीवर रात्रीचे दव गोठले की तरुणांचेही पाय घसरतात. ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ या थांब्यावर उतरले की जवळजवळ सपाट रस्त्याने उत्तरेकडच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचता येते. नोव्हेंबर ते मार्च या काळात किल्ल्यातील दालने सकाळी नऊ ते दुपारी चार एवढाच वेळ उघडी असतात. २४ तारीख सोडून इतर दिवशी, सकाळी दहापर्यंत पोहोचावे. सेंट व्हायटस कॅथेड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. चित्रकार आल्फोन्स मुखाने रंगवलेली काचेची खिडकी याच शेवटच्या टप्प्यातली आहे. ढगाळ दिवसातही अकरा ते एकच्या दरम्यान खिडक्यांचे रंग खुलतात. आई-वडील दमले तर त्यांनी कॅथेड्रल आणि जुना राजवाडा एवढेच पाहून पुरे करावे. गोल्डन लेनमधील लहान घरे, ज्यांतल्या २२ क्रमांकाच्या घरात लेखक काफ्का १९१६-१७ च्या हिवाळ्यात लिहीत बसे, ती अरुंद आहेत आणि तेथे फार रेटारेटी होते.

योझेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीला अर्धा दिवस द्यावा आणि शनिवारी तेथील स्थळे बंद असतात हे लक्षात ठेवावे. पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया येथील नाझी अत्याचारांत मारल्या गेलेल्या ७७ हजारांहून अधिक ज्यू माणसांची नावे हाताने लिहिलेली आहेत. गावाचे नाव, मग आडनाव, मग व्यक्तींची नावे आणि तारखा, अशा ओळी छतापर्यंत जातात. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. दहा वर्षांच्या मुलीला हे दाखवावे की नाही असे पालक विचारतात. माझ्या मते दाखवावे, परंतु आदल्या रात्री तिच्याशी शांतपणे बोलून ठेवावे आणि त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये.

कुटना होरा रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील चांदीच्या खाणींवर बोहेमियाचे राजे श्रीमंत झाले आणि १३०० पासून तेथे प्रागचे ग्रोशेन नाणे पाडले जाऊ लागले. सेंट बार्बाराचे चर्च पाहावे. माणसांच्या हाडांनी सजवलेले सेडलेत्सचे अस्थिगृह मात्र ज्यांना झेपेल त्यांनीच पाहावे.

खाण्याच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही, मात्र विचारल्याशिवाय काही घेऊ नये. तळलेले चीज आणि बटाटे जवळपास सर्वत्र मिळतात. किसलेल्या बटाट्याचे लसूण घातलेले धिरडे बाजारात गरम मिळते. सातू आणि रानातल्या वाळवलेल्या अळंब्या घालून केलेला ‘कूबा’ हा नाताळच्या आदल्या दिवशीचा परंपरागत पदार्थ आहे आणि तो शाकाहारी घरांनी आवर्जून चाखावा. अडचण अशी की धिरडे किंवा कूबा डुकराच्या चरबीत केलेला असू शकतो आणि साध्या भाजीच्या सूपलाही हाडांच्या रश्श्याचा आधार असतो. ‘मांस नाही, मासे नाहीत, डुकराची चरबी नाही, हाडांचा रस्सा नाही’ असे चेक भाषेत लिहिलेले कार्ड बनवून घ्यावे आणि अंडे चालत नसेल तर तेही त्यावर लिहावे. स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली तर सकाळचा नाश्ता आणि रात्रीची खिचडी घरीच होते. डाळ-तांदूळ, मेतकूट, चटण्या, कोरडे मसाले नेता येतात, परंतु युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप आणि पनीर सामानात ठेवू नये. तेथे चांगले लोणी मिळते, त्याचे तूप दहा मिनिटांत कढते.

कपड्यांबद्दल एवढेच सांगतो की एक जाड जाकीट आणि आत सुती सदरा ही जोडी निकामी ठरते. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर आणि वर वारा-पाणी अडवणारा कोट, असे थर असावेत, कारण ट्राममध्ये आणि संग्रहालयांत चांगलीच ऊब असते आणि तेथे थर उतरवावे लागतात. बुटांवर मात्र हात आखडू नये. तळ रबरी व खोल खाचांचा असावा, घोटा धरून ठेवणारा असावा आणि जाड लोकरी मोजे घालूनही बोटांना जागा उरावी. आई-वडिलांसाठी इतर कशाहीपेक्षा या खरेदीला मी अधिक महत्त्व देतो, आणि ते बूट निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज घालून चालावे.

चलन कोरुना आहे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते. यंत्रातून पैसे काढताना किंवा कार्डाने बिल देताना रुपयांत रूपांतर करून देऊ का असे पडद्यावर विचारले जाते, तेव्हा नकार देऊन कोरुनाच निवडावे. पैसे बदलून देणाऱ्या दुकानात वाईट दर मिळाल्याचे लक्षात आले तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा अधिकार २०१९ पासून कायद्याने दिलेला आहे, त्यासाठी पावती जपून ठेवावी. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी थोडी नाणी आई-वडिलांच्या खिशात असू द्यावीत. ६५ वर्षांवरील व्यक्तींना आणि १५ वर्षांखालील मुलांना प्राग शहराच्या हद्दीत ट्राम व मेट्रो मोफत आहे, त्यासाठी वयाचा पुरावा बरोबर हवा.

भारतातून प्रागला थेट विमान नसल्याने दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा एखाद्या युरोपीय शहरातून जावे लागते. उतरण्याची वेळ दुपारपूर्वीची निवडावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, आणि सगळा मुक्काम प्रागमध्येच असेल तर अर्ज चेक प्रजासत्ताकाकडेच करायचा असतो, त्यात संदिग्धता राहत नाही. डिसेंबरच्या प्रवासासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून दसऱ्याच्या आत अर्ज जमा झालेला बरा. त्याआधी सदनिका ठरवावी. जुन्या शहरातील अनेक सुंदर इमारतींत लिफ्ट नाही आणि जिने गोल, दगडी व झिजलेले आहेत, त्यामुळे लिफ्ट आहे का आणि ट्रामचा थांबा किती मिनिटांवर आहे, हे दोन प्रश्न मालकाला लेखी विचारून त्याचे उत्तर आल्यावरच पैसे भरावेत.